इन्व्हर्टर कुठला घ्यावा, हे मला सांगू नका

आधीच सांगतो, मला इन्व्हर्टर सुचवू नका. लिथियमची बॅटरी किती वर्षं टिकते, पाच किलोवॅट पुरतं की आठ लागतं, हेही नको. इथे दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गमध्ये हल्ली दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला इन्व्हर्टर येतो आणि माझं डोकं तिथेच फिरतं. वीज जाते याचा संताप आहेच. पण देशाची वीज जाणं ही ज्याची त्याची घरगुती अडचण झालीये, ज्याने त्याने खिशात हात घालून निस्तरायची, याचा संताप जास्त आहे.

2023 चा जून चालू आहे, म्हणजे इथला ऐन हिवाळा. इथलं भारनियमन, म्हणजे लोडशेडिंग, स्टेजमध्ये मोजतात; एक स्टेज म्हणजे हजार मेगावॅटची कपात. मागच्या महिन्यात स्टेज सहा होती, म्हणजे दिवसाचे आठ-दहा तास वीज नाही, तेही तुकड्या-तुकड्यांत. पहाटे गेली, दुपारी गेली, जेवायच्या वेळी परत गेली. आता जरा उतरलीये तर लोक खूश! 'आज बरं चाललंय ना?' म्हणतात. काय बरं चाललंय? वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवर मान टाकतो, कारण त्याच्या बॅटऱ्यांना चार्ज व्हायला सवड मिळत नाही, नाहीतर त्या चोरीलाच गेलेल्या असतात. क्लायंटसमोर मी अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून गोठतो. पंप बंद, म्हणून उंचावरच्या भागांत नळही कोरडे. वीज परत येते ती असा झटका देऊन येते की फ्रिज मरतो. आणि हे सगळं अ‍ॅपवर वेळापत्रक बघून! बारसं, इंटरव्ह्यू, दाढी, कुकर, सगळं त्या वेळापत्रकाच्या मर्जीने.

माझ्या ऑफिसच्या वाटेवरचा मोठा चौक घ्या. सिग्नल बंद. नियमाने चारी बाजूंच्या गाड्यांनी थांबून आळीपाळीने जायचं, पण सकाळी साडेसातला आळीपाळी कोण पाळतो? मग मध्यभागी एक माणूस उभा राहतो. अंगात फाटकं पिवळं जॅकेट, पायात दोन वेगवेगळे बूट, रात्री बहुधा तिथल्याच पुलाखाली झोपत असावा. तो हात करतो, ओरडतो, बसवाल्याला दमात घेतो आणि गाड्या हलतात. काचेतून दोन रँडचं नाणं मिळालं तर मिळालं. पोलीस त्या चौकात मी क्वचितच पाहिलाय. म्हणजे वाहतूक नियंत्रण हे सरकारी खातंही आता नाण्यावर चालतं, आणि गाडीतले आम्ही त्याला अंगठा दाखवून 'काय भारी माणूस आहे' म्हणत पुढे जातो.

बरं, हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. 1998 च्या सरकारी श्वेतपत्रिकेत लिहिलं होतं की नवी केंद्रं उभारली नाहीत तर 2007 च्या सुमाराला वीज कमी पडेल. उभारली नाहीत, आणि 2007 च्या अखेरीला कमी पडली. अध्यक्ष एम्बेकींनी तेव्हा सरकारची चूक कबूलही केली. मग मेदुपी आणि कुसिले ही दोन अवाढव्य कोळशाची केंद्रं काढली. मेदुपी 2021 च्या जुलैअखेरीस पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि आठवडाभरात त्यातलं एक युनिट स्फोटात उडालं. कुसिलेची गेल्या वर्षी चिमणी खचली. मधल्या काळात तेव्हाचे अध्यक्ष झुमा आणि त्यांच्या मर्जीतले उद्योगपती गुप्ता बंधू यांचा सगळा कारभार, त्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगाचे खंडच्या खंड. ते गुप्ता आपल्या सहारनपूरचे, त्यामुळे कँटीनमध्ये आडून टोमणे मी खातो. ते बसलेत दुबईत!

सध्याचे अध्यक्ष रामाफोसा 2015 मध्ये उपाध्यक्ष होते. तेव्हा संसदेत म्हणाले होते की दीड-दोन वर्षांत हा प्रश्न होता हेच लोक विसरतील. 2022 मध्ये दोनशेहून जास्त दिवस लोडशेडिंग झालं. त्याच वर्षी त्यांच्या फार्मवरच्या सोफ्यातून 5,80,000 डॉलर चोरीला गेल्याचं प्रकरण बाहेर आलं. म्हैसवर्गातली जनावरं विकून आलेले पैसे, असं त्यांचं म्हणणं. संसदेत पक्षाने बहुमताने ते गुंडाळलं. एस्कॉम या सरकारी वीज कंपनीचे प्रमुख डी रायटर यांनी राजीनामा दिला आणि आपल्या कॉफीत सायनाइड घातलं गेलं असं सांगितलं. यावर सरकारने काय करावं? मार्चमध्ये वीज या विषयासाठी वेगळा मंत्री नेमला. ऊर्जामंत्री होतेच. आता अंधाराला दोन मंत्री.

आणि एप्रिलपासून वीजदर 18.65 टक्क्यांनी वाढला. नसलेल्या विजेचा.

बजेटमध्ये करसवलत दिली म्हणून टाळ्या वाजल्या. सवलत किती? सोलर पॅनलच्या खर्चाच्या 25 टक्के, कमाल 15,000 रँड. बॅटरी आणि इन्व्हर्टर त्यात धरलेलेच नाहीत, म्हणजे ज्याच्यावर रात्र निघते ते सोडून बाकी सगळं! छप्पर घरमालकाचं. तो म्हणतो, बसवतो, पण भाडं वाढेल. अरे, कर मी भरतो, बिल मी भरतो, आता छपरावरच्या उन्हाचंही भाडं भरू?

आमच्या ऑफिसात साफसफाईला येणाऱ्या मावशी सोवेटोहून, शहराच्या कडेच्या गरीब वस्तीतून येतात. पहाटे चारला निघतात, रस्त्यावर दिवा नाही, हातात मोबाइलची बॅटरी. ती दाखवली तर मोबाइल हिसकावतात, नाही दाखवली तर खड्डा. त्यांना सांगा ना कुणीतरी, कुठला इन्व्हर्टर घ्यायचा ते.

घरी फोन केला की आई म्हणते, 'अरे, आपल्याकडे नव्हतं का भारनियमन? निघालेच की ते दिवस.' होतं गं आई. पण तेव्हा लोक वीज मंडळाच्या कचेरीवर मोर्चे तरी नेत होते! इथेही निघतात, नाही असं नाही. पण ज्यांच्या आवाजाला वजन आहे ते एकेक करून बाजूला झाले. आधी डिझेलचा जनरेटर, मग सोलर, मग बोअरवेल, मग खासगी सिक्युरिटी. सरकारवरचा दबाव असा छपराछपराने कमी होत गेला.

परवा कॉफीच्या मशिनपाशी एका सहकाऱ्याने विचारलं, 'सध्या कितवी स्टेज चालू आहे रे?' टवाळी नव्हती, त्याला खरंच माहीत नव्हतं. गेल्या वर्षी याच माणसाने टेबलावर मूठ आपटून सगळ्या मंत्र्यांना शिव्या घातल्या होत्या. आता छपरावर पॅनल आहेत, गॅरेजमध्ये बॅटऱ्या आहेत, आणि राजकारणाचा विषय काढला की तो जांभई देतो. 2024 मध्ये निवडणूक आहे. मत त्याला आहे, मला नाही.