‘दहावी झाली की नन करून टाकतात’: फिरत्या मेसेजमधले दावे आणि नियम

व्हॉट्सॲपवर एक मजकूर अधूनमधून डोकं वर काढतो. कॉन्व्हेंटवाले गरीब घरच्या मुलींना दहावीनंतर शिक्षणाचं आमिष दाखवून नेतात, लगेच शपथ देऊन नन करतात, तिच्या वाट्याची जमीन लाटतात, सिस्टरांच्या पगारावर कर नसतो आणि आत गेलेली मुलगी पुन्हा बाहेर येत नाही, असा त्याचा सारांश. खालची कलमं कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेतली आहेत. केरळच्या सीरो-मलबार या पौर्वात्य कॅथलिक चर्चमधल्या संस्थांना 1990 ची वेगळी पौर्वात्य संहिता लागते.

‘दहावी झाली की नन’

दहावी-बारावीनंतर मुली घेणाऱ्या संस्था आहेत, एवढं खरं. पण तेव्हा ती फक्त कँडिडेट असते. व्रत (मेसेजमधली ‘शपथ’: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन) नसतं, उद्या बॅग भरून घरी गेली तरी कुणाला अडवता येत नाही. पुढे पोस्ट्युलन्सी, म्हणजे पूर्वतयारीचा काळ, आणि मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा प्रशिक्षणाचा काळ. इथे नियम कडक होतात. 17 वर्षं पूर्ण नसतील तर नोव्हिशिएटमधला प्रवेशच अवैध (कलम 643). जबरदस्तीने, धाकाने किंवा फसवून आणलेल्या मुलीचाही तसाच. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि अविवाहित असल्याचा दाखला लागतो तो वेगळाच.

‘लगेच शपथ’

मेसेज लिहिणाऱ्याची सर्वांत मोठी गफलत इथे आहे. नोव्हिशिएट किमान 12 महिन्यांचं, आणि ते नेमून दिलेल्या घरातच काढायचं. बऱ्याच संस्था दोन वर्षं ठेवतात. आई आजारी म्हणून नोव्हिस, म्हणजे नोव्हिशिएटमधली मुलगी, गावी गेली आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहिली, तर ते दिवस भरून काढावे लागतात. सलग किंवा तुटक मिळून तीन महिन्यांच्या वर गैरहजेरी झाली की नोव्हिशिएट बाद (कलम 649). ही चूक लक्षात न घेता व्रतं दिली, तर ती व्रतंही वैध ठरत नाहीत. म्हणून हजेरीचा हिशोब चोख ठेवावा लागतो.

पहिली व्रतं 18 वर्षं पूर्ण झाल्यावर, तीही मुदतीची: एकूण तीन ते सहा वर्षं, फार तर नऊपर्यंत वाढवता येतात. आजीवन व्रतांसाठी वय 21 पूर्ण हवं आणि मुदतीच्या व्रतांची किमान तीन वर्षं झालेली हवीत. प्रत्यक्षात उंबरठा ओलांडल्यापासून आजीवन व्रतांपर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात. एवढ्या काळात मुलगी नको म्हणू शकते, तशी संस्थाही.

मुलींना मठात कोंबणं जुन्या युरोपात चालायचं, हे नाकारण्यात अर्थ नाही. ट्रेंट इथे भरलेल्या बिशपांच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये असं करणाऱ्याला बहिष्कृत ठरवलं, ते काही उगाच नव्हे.

‘जमीन चर्चच्या नावावर’

पहिल्या व्रतांआधी सिस्टर आपल्या मालमत्तेचा कारभार कुणाकडे तरी सोपवते. तो ‘कुणीतरी’ ती स्वतः ठरवते. बहुतेकदा भाऊ किंवा आई-वडील. मालकी तिचीच राहते. आजीवन व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं, आणि ते देशाच्या कायद्याला धरून असावं असं कलम 668 सांगतं. म्हणजे महाराष्ट्रात 1925 चा भारतीय वारसा कायदा: तिची सही, दोन साक्षीदार. गोव्यात वारसा कायदा वेगळा आहे. मालकीवर पूर्ण पाणी सोडणं काही संस्थांच्या स्वरूपातच असतं, पण तो टप्पा आजीवन व्रतांच्या वेळचा.

‘पगार करमुक्त’

जुनी गोष्ट. सिस्टर पगार संस्थेला देते, म्हणून तो तिचं उत्पन्न नाही, असा युक्तिवाद अनुदानित शाळांबाबत बरीच वर्षं चालला. 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सरकारी अनुदानातून येणाऱ्या पगारावर इतर शिक्षकांसारखाच टीडीएस कापला जातो.

‘बाहेर येता येत नाही’

मुदतीची व्रतं संपली की नूतनीकरण न करता सरळ निघता येतं. मुदत चालू असताना निघायचं तर संस्थेच्या सर्वोच्च प्रमुखांची परवानगी लागते. आजीवन व्रतांनंतर कारणांसह अर्ज करावा लागतो. संस्था परमगुरुंच्या, म्हणजे पोपच्या, अधिकारातली असेल तर तो रोमला जातो, धर्मप्रांताच्या अधिकारातली असेल तर बिशपांकडे. ही परवानगी व्रतांतून मोकळं होण्यासाठी. सज्ञान बाईला दाराबाहेर पाऊल टाकायला भारतीय कायद्यात कुणाचीच परवानगी लागत नाही.

टीका करायचीच असेल तर कलम 702 वर करावी. वीस-पंचवीस वर्षं शाळेत किंवा दवाखान्यात राबून बाहेर पडणाऱ्या सिस्टरला त्या कामाचा मोबदला मागण्याचा हक्क त्या कलमाने दिलेला नाही. संस्थेने न्यायबुद्धीने आणि प्रेमाने वागावं, एवढंच त्यात म्हटलंय. रक्कम नाही, मुदत नाही. कुणी निर्वाहाची नीट सोय करून देतं, कुणी प्रवासखर्च हातावर ठेवून मोकळं होतं. मुलगी सिस्टर व्हायचं म्हणत असेल, तर संस्थेचं संविधान मागून घ्या आणि निघून जाणाऱ्यांना काय मिळतं ते पान आधी वाचा.