‘खान्देशी पोटाला टायफॉइड होत नाही’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पुन्हा पहिल्या पावसानंतर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश नेमाने फिरतो. त्याचा आशय असा : खान्देशी माणूस लसूण आणि तिखट भरपूर खातो, त्यामुळे टायफॉइड, हगवण आणि अन्नविषबाधा यांचे जंतू त्याच्या पोटात तग धरत नाहीत, आपले बोअरचे आणि विहिरीचे पाणी मुळात शुद्ध असते, फार तर ते गाळून तुरटी फिरवावी किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवावे, उरलेले अन्न पुन्हा उकळले की त्यातील दोष जातो, आव पडली तर अमिबाची गोळी पुरते, टायफॉइड एकदा झाला की रक्तात कायमचा राहतो, म्हणून दर वर्षी विडाल ही रक्ताची चाचणी करून पाहावी, आणि लस हा निव्वळ धंदा आहे. या विधानांपैकी काहींत सत्याचा अंश आहे आणि हा संदेश इतका टिकला तो त्यामुळेच, असे मला वाटते. म्हणून तो हसण्यावारी न नेता एकेक मुद्दा तपासणे बरे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. टायफॉइडचा जंतू, म्हणजे साल्मोनेला टायफी, निसर्गात फक्त माणसाच्या शरीरात नांदतो. गाय, कोंबडी, उंदीर यांच्यापासून तो येत नाही. ज्याला टायफॉइड झाला त्याच्या तोंडात दुसऱ्या कोणाच्या तरी विष्ठेचा किंवा क्वचित लघवीचा सूक्ष्म अंश पाण्यातून, अन्नातून वा हातातून गेलेला असतो. हगवणीच्या शिगेला जंतूचेही जवळपास हेच. ऐकायला किळसवाणे वाटले तरी पुढची सगळी चर्चा या मार्गाची आहे, पोटाच्या कणखरपणाची नाही.

आता लसूण आणि तिखट. लसणातील ॲलिसिन हे द्रव्य जंतूंना मारक आहे, हे खरे. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते वेगळे काढले आणि प्रयोगशाळेत अनेक जंतूंवर त्याचा परिणाम दाखवला. परंतु ॲलिसिन लसूण ठेचल्यावर तयार होते आणि उष्णतेने लवकर मोडते, त्यामुळे शेवभाजीच्या रश्श्यात तेलावर तांबूस परतलेला लसूण चवीला कितीही उत्तम असला तरी औषध म्हणून त्याचा हिशेब धरता येत नाही. रश्श्यातले जंतू मरतात ते उकळीने, मिरचीने नव्हे. उलट वाळलेल्या मिरचीपुडीत आणि मिऱ्यात साल्मोनेला महिनोनमहिने जिवंत राहू शकतो आणि मसाल्यांतून पसरलेल्या साथी परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. शिवाय आपल्या जेवणातला धोक्याचा भाग शिजवलेला नसतोच. हिवाळ्यात शेतावर भरताची पार्टी होते तेव्हा वांगी निखाऱ्यावर भाजून निर्जंतुक होतात. नंतर लाकडी बडगीत त्यांच्याबरोबर ठेचली जाणारी कांद्याची पात मात्र कच्ची असते, ती कोणत्या पाण्याने धुतली आणि ठेचणाऱ्याचे हात कोणत्या साबणाने धुतले, हे कोणी विचारत नाही.

पोटात एक खरी संरक्षक भिंत आहे आणि ती म्हणजे जठरातले आम्ल. टायफॉइड होण्यासाठी सामान्यतः हजारो जंतू पोटात जावे लागतात, याचे एक कारण ही भिंत. शिगेलाला मात्र दहा ते शंभर जंतूही पुरतात, कारण तो आम्लाला फारसा दाद देत नाही. आणि तिखटाने छातीत जळजळते म्हणून जे रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेतात, त्यांनी ही भिंत स्वतःच बरीचशी उतरवून ठेवलेली असते, याची दखल संदेश लिहिणाऱ्याने घेतलेली नाही.

पाण्याच्या मुद्द्यावर थोडे अधिक थांबावे लागेल. ‘बोअरचे पाणी जमिनीच्या पोटातून येते, त्यात घाण कशी असेल?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण त्याचे उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. तापीकाठच्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात गाळाचा जाड थर आहे आणि त्यातून झिरपताना पाणी बऱ्यापैकी गाळले जाते. खान्देशाचा उरलेला बराच भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी भेगांतून धावते, आणि भेग काही गाळत नाही. शौचालयाचा शोषखड्डा आणि बोअर एकाच भेगेवर असतील तर दोघांमधले अंतर पाणी फार थोड्या वेळात कापते. पहिल्या जोरदार पावसानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी तापाचे रुग्ण वाढतात, त्यामागे हे एक कारण असते. टायफॉइडचा जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा एक ते दोन आठवडे जातात, हे लक्षात घेतले की मेळ बसतो.

शहरांत नळाचे पाणी असते, पण अनेक गावांत ते काही दिवसांआड येते. पाणी बंद असताना जलवाहिनीतला दाब जातो आणि गळतीच्या ठिकाणी शेजारच्या गटारातले पाणी आत ओढले जाते. नळाला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिले गढूळ पाणी वाहू द्यावे आणि पिण्याचे पाणी नंतर भरावे, हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा जुना शिरस्ता योग्यच होता. फक्त तेवढ्याने काम भागत नाही.

गाळण्याबद्दल : बांगलादेशातील मतलब भागात जुन्या साडीच्या चार-आठ पदरी घडीतून पाणी गाळल्याने कॉलराचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले, असा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, आणि त्याचा आधार घेऊन ‘फडक्याने गाळा’ असे सांगितले जाते. तो अभ्यास खरा आहे. पण कॉलराचे जंतू पाण्यातल्या बारीक जलचरांना चिकटून राहतात आणि ते जलचर कापडात अडकतात. टायफॉइडचा जंतू सुटा असतो, दोन-तीन मायक्रॉन लांबीचा. कापडाच्या घडीची छिद्रे वीसेक मायक्रॉनची. तुरटीने गढूळपणा तळाशी बसतो, त्याबरोबर काही जंतूही बसतात, पण उरलेले जिवंतच राहतात. तांब्याच्या भांड्याबाबत संदेश अर्धा बरोबर आहे : २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले टायफॉइडचे आणि हगवणीचे जंतू नष्ट झालेले आढळले. आपल्या घरातला हंडा मात्र सोळा तास न शिवता क्वचितच राहतो. तो दिवसभर रिकामा होतो आणि भरत राहतो.

खात्रीचे आणि स्वस्त असे दोन उपाय आहेत. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तशीच राहू द्यावी; वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. दुसरा उपाय क्लोरीन. ग्रामपंचायतीकडे जी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते ती चांगल्या प्रतीची असेल तर हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पुरते. विहिरीसाठी हिशेब सोपा आहे : तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे अठ्ठावीस हजार लिटर होते, म्हणजे सत्तर ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि निदान अर्धा तास कोणी पाणी उपसू नये. तोंड उघडे टाकलेल्या पोत्यातली पावडर जळगावच्या उन्हात झपाट्याने निकामी होते, त्यामुळे ‘पावडर टाकली’ या उत्तरावर समाधान न मानता गावाच्या जलसुरक्षकाकडून पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणारी ओटी चाचणी करून घ्यावी, आणि पाण्याच्या सुरक्षिततेबद्दल आपल्या गावाला आरोग्य विभागाने हिरवे, पिवळे की लाल कार्ड दिले आहे तेही विचारावे. तो प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा आहे आणि तिथे तो फारसा विचारला जात नाही.

‘उरलेले पुन्हा उकळले की दोष जातो’, हे विधान साल्मोनेलापुरते बरोबर आहे. अन्नाच्या गाभ्यापर्यंत पंचाहत्तर अंश उष्णता पोहोचली की तो मरतो. पण अन्नविषबाधा एकाच जंतूने होत नाही. आचाऱ्याच्या नाकातून किंवा बोटावरच्या पिकलेल्या जखमेतून बासुंदीत, खव्यात गेलेला स्टॅफिलोकॉकस तिथे वाढून विष सोडतो आणि उकळल्याने जंतू मेला तरी ते विष शाबूत राहते; पंगत उठल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात त्या याच्या. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियसचे उलटी आणणारे विषही असेच उष्णतेला न जुमानणारे आहे. तिसरा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याची बीजे शिजवण्यातूनही वाचतात, मोठ्या पातेल्यातले वरण किंवा मटणाचा रस्सा सावकाश निवत असताना ती अंकुरतात, आणि हा जंतू सर्वांत वेगाने वाढतो तो त्रेचाळीस ते सत्तेचाळीस अंश तापमानात. मे महिन्यात भुसावळच्या दुपारी मांडवाखाली झाकून ठेवलेल्या पातेल्याला तो वेग गाठायला वेगळी सोय करावी लागत नाही. लग्नसराईत सकाळी अकराला उतरवलेले वरण बट्टीबरोबर संध्याकाळच्या पंगतीला वाढणे, हा आपल्याकडचा खरा धोका आहे. अन्न साठ अंशांच्या वर गरम राहत नसेल तर अशा उन्हात तासाभरात संपवावे, किंवा पसरट परातीत काढून लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवावे.

आवेबद्दलचा सल्ला लहान मुलांच्या बाबतीत घातक ठरू शकतो. अमिबाने आव होते, पण ती बहुधा हळूहळू सुरू होते आणि ताप कमी असतो. अचानक ताप, पोटात मुरडा आणि शौचात रक्त असे एकत्र आले तर, विशेषतः मुलांत, आधी शिगेलाचा विचार करावा लागतो. जपानमध्ये १८९७ सालच्या साथीत नव्वद हजारांवर लोक आजारी पडले आणि दर पाचांत एकाहून अधिक दगावले. कियोशी शिगा यांनी या जंतूचा शोध लावला तो त्या साथीत. मेट्रोनिडाझोल, म्हणजे संदेशातली ‘अमिबाची गोळी’, अमिबावर चालते, शिगेलावर चालत नाही. त्यासाठी लागणारे प्रतिजैविक डॉक्टरांनी ठरवावे, कारण पूर्वी लागू पडणारी अनेक औषधे आता या जंतूला लागू पडत नाहीत. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी रक्ती आवेत देऊ नये. ओआरएस मात्र पहिल्या जुलाबापासून सुरू करावे.

आणि विडाल. फर्नांड विडाल यांनी १८९६ साली काढलेली ही चाचणी जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली रक्तातली प्रतिद्रव्ये मोजते. पूर्वी कधी झालेला संसर्ग, घेतलेली लस, दुसऱ्या जातीचा साल्मोनेला, यांपैकी कशानेही ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, आणि जिथे टायफॉइड नित्याचा आहे तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही प्रतिद्रव्ये थोडीफार सापडतात. त्यामुळे ताप नसताना दर वर्षी विडाल करणे म्हणजे पैसे देऊन घाबरून घेणे. ताप असताना एका विडालवर विसंबले तर डेंग्यू किंवा मलेरिया नजरेतून सुटतो. निदान पक्के होते ते रक्ताच्या कल्चरने, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्याने, तेही पहिल्या आठवड्यात आणि प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त घेतले तर. तरीही बऱ्याच रुग्णांत ते नकारार्थी येते, म्हणून डॉक्टर लक्षणांचाही विचार करतात. योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलणे आणि सहाव्या दिवशी बरे वाटते म्हणून गोळ्या सोडणे, या दोन्ही सवयी आजार उलटायला वाट करून देतात. आणि आतड्याला भोक पडण्याचा प्रसंग बहुधा तिसऱ्या आठवड्यात, उपचाराविना रेंगाळलेल्या रुग्णावर येतो.

टायफॉइड शरीरात राहतो, हे थोड्या लोकांत खरे आहे, पण संदेशात म्हटले आहे तसे नाही. बरे झालेल्यांपैकी शंभरात एक ते पाच जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षभराहून अधिक काळ राहतात, आणि ज्यांना पित्ताचे खडे असतात त्यांच्यात ही शक्यता जास्त. त्या माणसाला ताप येत नाही, अशक्तपणा येत नाही, काहीच होत नाही. होते ते त्याच्या हातचे खाणाऱ्यांना. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः ठणठणीत होती. १९०७ साली तिच्यामुळे आजार पसरत असल्याचे उघड झाल्यावर तिला विलग ठेवले गेले, आणि सुटकेनंतर तिने पुन्हा स्वयंपाकाची नोकरी धरल्यामुळे १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला विलग ठेवण्यात आले. तेव्हा वर्षानुवर्षे अंग दुखते म्हणून ‘जुना टायफॉइड’ धरून सलाइन लावून घेणाऱ्यांनी दुखण्याचे खरे कारण शोधावे.

लसीचा मुद्दा थोडक्यात. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या टायफॉइड संयुग्मित लसीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाल्यावर, २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी ती मोहीम म्हणून दिली. सरकारी यंत्रणेतून ही लस देण्याचा जगातला तो पहिला प्रयोग होता. नेपाळ, बांगलादेश आणि मलावी येथील चाचण्यांत तिने सुमारे ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक संरक्षण दिले. एक टोचणी पुरते आणि ती सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. टायफॉइडसारखाच पण दुसऱ्या जंतूने होणारा पॅराटायफॉइड, शिगेला आणि पंगतीतली विषबाधा यांवर तिचा उपयोग नाही, त्यामुळे मुलाला लस टोचली तरी विहिरीत टीसीएल टाकण्याचे काम तसेच राहते.