‘लेबलने वस्तूला काही होत नाही’: एका लाडक्या समजाचा प्रतिवाद

संशोधनातल्या लेबलांबद्दल एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा पुढे येतो. सांगणारा बदलतो, गाभा तोच राहतो. खऱ्या विज्ञानात लेबल म्हणजे ओळखीपुरती खूण, तिने वस्तूला काही होत नाही. गणिताचा तर लेबलांशी संबंधच नाही. यंत्रांना शिकवण्यासाठी डेटावर लेबलं लावणं ही हमाली आहे, कुणालाही बसवावं. डॉक्टरचं लेबल म्हणजे तपासणीचा निकाल. लेबलामुळे माणूस बदलतो हे समाजशास्त्रज्ञांचं खूळ. आणि या सगळ्यांनी एकमेकांकडून शिकण्यासारखं काही नाही, कारण नाव सोडलं तर त्यांच्या लेबलांमध्ये समान असं काहीच नाही.

यातला एक दावा अर्धा खरा आहे, तो त्याच्या जागी मान्य करेन. बाकीचे टिकत नाहीत.

‘खूण लावल्याने वस्तूला काही होत नाही’

बाकीचे सगळे दावे याच्या आधाराने उभे आहेत, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो.

या समजाला आधार देणारी उदाहरणं खरोखरच भक्कम आहेत. जॉर्ज द हेवेशी यांनी १९२३ मध्ये शिशाचा किरणोत्सारी समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे, पण वेगळ्या वस्तुमानाचे अणू) रोपांना दिला आणि शिसं मुळांतून कुठवर पोचतं याचा माग काढला. खुणेच्या अणूंची ही पद्धत रसायनशास्त्राला दिल्याबद्दल त्यांना १९४३ चं नोबेल मिळालं. १९५८ मध्ये मेसेल्सन आणि स्टाल यांनी जिवाणू आधी जड नत्रावर वाढवले, मग साध्या नत्रावर सोडले. एका पिढीनंतर डीएनएची घनता बरोबर मधली आली. प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो, हे त्यावरून कळलं. या प्रयोगाची सगळी मदार एका गृहीतकावर होती: पेशीला जड आणि हलक्या नत्रातला फरक जाणवत नाही. नत्राच्या बाबतीत ते चालून जातं, कारण १५ आणि १४ या वस्तुमानांमधला फरक ७ टक्क्यांच्या आसपास आहे.

आता हायड्रोजन घ्या. ड्युटेरियम या त्याच्या जड समस्थानिकाचं वस्तुमान साध्या हायड्रोजनच्या जवळपास दुप्पट. कार्बन आणि हायड्रोजनमधला बंध तुटणं हा एखाद्या अभिक्रियेतला सर्वांत संथ टप्पा असेल, तर ड्युटेरियमची खूण लावलेला रेणू नेहमीच्या तापमानाला सहा-सात पट हळू चालू शकतो. म्हणजे ज्याचा वेग मोजायचा, त्याचाच वेग खुणेने बदलला. शरीरातल्या पाण्याचा मोठा हिस्सा जड, म्हणजे ड्युटेरियमच्या पाण्याने बदलला तर सस्तन प्राणी जगत नाहीत. कार्बनमधला फरक त्यामानाने किरकोळ, तरी वनस्पती कार्बन-१२ ला झुकतं माप देतातच. औषधनिर्मात्यांनी तर हा दोष वापरातच आणला. हंटिंग्टन आजारातल्या अनैच्छिक हालचालींसाठी अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेल्या ड्यूटेट्राबेनाझिनमध्ये काही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे, ते अशासाठी की शरीरात औषध सावकाश मोडावं. ज्या खुणेने काही होत नाही असं म्हणायचं, तिच्यावर एक अख्खं औषध उभं आहे.

जीवशास्त्रातली खूण याहून बोजड असते. एका जेलीफिशमधलं हिरवं चकाकणारं प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये वेगळं केलं. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते दुसऱ्या सजीवांत चमकवून दाखवलं, रॉजर त्सिएन यांनी त्याला नाना रंग दिले आणि २००८ चं नोबेल तिघांत वाटलं गेलं. हे प्रथिन २३८ अमिनो आम्लांचं आहे. अनेकदा ज्या प्रथिनाला ते जोडायचं, त्याच्याच तोडीचं किंवा त्याहून मोठं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधली की मांजर कुठे आहे ते कळतं, पण ते शिकार कशी करतं हे त्यानंतर विचारण्यात अर्थ उरत नाही.

एमआरईबी या प्रथिनाचं नेमकं तसंच झालं. ई. कोलाय जिवाणूला दांडीचा आकार मिळतो त्यात याचा वाटा असतो. पिवळी चकाकणारी खूण लावून पाहिल्यावर ते पेशीच्या आत मळसूत्रासारखं गुंडाळलेलं दिसायचं. पुढे स्वुलियस आणि जेन्सन यांनी गोठवलेल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि २०१२ मध्ये दाखवून दिलं की त्या वाणातलं ते मळसूत्र प्रथिनाच्या पुढच्या टोकाला लावलेल्या खुणेनेच तयार झालं होतं. खूण काढली की मळसूत्र नाही.

म्हणूनच जाणते जीवशास्त्रज्ञ खूण एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला लावून बघतात. खूण लावलेलं प्रथिन मूळ प्रथिनाचं काम करतं का ते तपासतात, प्रतिपिंड वापरून वेगळ्या वाटेने खात्री करतात. लेबल वस्तूला धक्का देतं हे त्यांनी केव्हाच मान्य केलंय. धक्का किती बसला हे मोजणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. पुढच्या प्रत्येक दाव्याला मी हीच कसोटी लावणार आहे.

‘गणिताला लेबलांचं काय?’

चार बिंदू असे जोडा की कुठेही वेढा तयार होणार नाही आणि कुठल्याही बिंदूपासून कुठल्याही बिंदूपर्यंत रेषांवरून जाता येईल. बिंदूंना नावं नसतील तर अशा रचना फक्त २. नावं दिली की १६. पाच बिंदूंसाठी हेच आकडे ३ आणि १२५. नावं दिलेल्या रचनांचा आकडा केलीचं सूत्र सांगतं आणि पदवीच्या वर्गात ते शिकवलंही जातं. भौतिकशास्त्रात एकाच वायूच्या रेणूंना मनातल्या मनात क्रमांक दिले, तर भिंत काढून तोच वायू त्याच वायूत मिसळल्यावरही एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचं माप, वाढल्याचं गणित येतं. प्रत्यक्षात काहीही घडलेलं नसतं. ते क्रमांक भागून टाकावे लागतात, तेव्हा हिशेब जुळतो. लेबल आहे की नाही एवढ्यानेच उत्तर बदलतं, हा दावा खोडायला इतकं पुरे. व्याकरणाकडे पाहिलं तरी पाणिनीच्या अष्टाध्यायीचं पहिलंच सूत्र एक लेबल ठरवतं: आ, ऐ, औ यांना ‘वृद्धी’ म्हणायचं. कशाकशाला एकत्र बांधायचं हे आधी ठरलं, म्हणून पुढचे नियम इतके आटोपशीर झाले.

‘डेटाला लेबल लावणं ही हमाली’

हा दावा करणाऱ्यांनी बहुधा हे काम कधी केलेलं नसतं.

यंत्रांना चित्रं ओळखायला शिकवण्यासाठी २००९ मध्ये पुढे आलेल्या इमेजनेट या संग्रहात हळूहळू १ कोटी ४० लाखांवर चित्रं जमली. लेबलं लावली ती अॅमेझॉन मेकॅनिकल टर्क या संकेतस्थळावर थोड्या मोबदल्यात काम करणाऱ्या असंख्य लोकांनी. आजच्या यंत्रदृष्टीची पायाभरणी तिथे झाली हे खरं. पण २०२१ मध्ये नॉर्थकट, अथाल्ये आणि म्युलर यांनी यंत्रांची अचूकता मोजायला सर्वत्र वापरले जाणारे १० चाचणीसंच तपासले. सरासरी किमान ३.३ टक्के लेबलं चुकीची निघाली, आणि इमेजनेटच्या पडताळणीसंचात किमान ६ टक्के. लक्षात घ्या, ही मोजपट्टीतली चूक आहे. दोन प्रणालींमधला अर्ध्या टक्क्याचा फरक मिरवायचा, तेव्हा पट्टीच इतकी वाकडी असेल तर पहिला नंबर कुणाचा? त्याच इमेजनेटच्या माणसांच्या विभागात शिव्या वाटाव्यात अशीही लेबलं होती. २०१९ मध्ये त्यावर जाहीर टीका झाली आणि सुमारे ६ लाख चित्रं काढायचं ठरलं.

‘मग तज्ज्ञ बसवा,’ असं कुणी म्हणेल. मधुमेहाने दृष्टिपटलावर होणारे बदल ओळखणाऱ्या प्रणालीसाठी २०१६ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ५४ नेत्रतज्ज्ञांकडून प्रत्येक छायाचित्र ३ ते ७ वेळा तपासून घेतलं गेलं. एकदा का नाही? कारण तज्ज्ञांचंही एकमत होत नाही. अशा ठिकाणी लेबल म्हणजे मतांचा निष्कर्ष असतो, आणि मतभेद किती होता ही माहिती बहुतेकदा वाटेतच गळून पडते.

तरीही चुकीच्या लेबलापेक्षा मला जास्त भीती वाटते ती अचूक पण भलत्याच गोष्टीच्या लेबलाची. अमेरिकेत आजारी लोकांपैकी जादा देखभाल कुणाला द्यायची हे सुचवणाऱ्या एका प्रणालीचा अभ्यास ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. प्रणालीला शिकवताना ‘गरज’ म्हणून जे लेबल दिलं होतं, तो होता उपचारांवर झालेला खर्च. खर्चाचे आकडे बरोबर होते, हमालांनी आपलं काम चोख केलं होतं. पण तितक्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर तिथे कमी खर्च होतो, म्हणून यंत्राने त्यांना कमी आजारी ठरवलं. हा दोष नसता तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांऐवजी ४६.५ टक्के असतं. संशोधकांनी प्रणाली मोडली नाही. लेबल बदललं, खर्चाच्या जोडीला प्रकृतीची मोजमापं घेतली, आणि पक्षपात ८४ टक्क्यांनी उतरला. कशाला काय म्हणायचं हे ठरवणं हमाली असेल, तर संशोधन कशाला म्हणायचं?

‘डॉक्टरचं लेबल म्हणजे तपासणीचा निकाल’

रक्तदाबाचा आकडा हा निकाल. तो कुठल्या रेघेपुढे गेला की माणूस ‘रुग्ण’ होतो, हा निर्णय. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांनी ती रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली, आणि तिथल्या प्रौढांमधलं उच्च रक्तदाबाचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. रातोरात कुणाच्या धमन्या बदलल्या नव्हत्या.

रेघ कुठेही असो, ती ओलांडल्याचं कळल्यावर माणसाचं काय होतं? हेन्स, सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कॅनडातल्या पोलाद कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चाचणीत रक्तदाब आढळल्याचं सांगितल्यावर या कामगारांची आजारपणाची गैरहजेरी ८० टक्क्यांनी वाढली. त्याच काळात इतर कामगारांमध्ये ती ९ टक्क्यांनी वाढली होती. चाचणी करूच नये असा याचा अर्थ मी काढत नाही, वेळीच उपचार मिळून जीव वाचतात. पण औषधाच्या दुष्परिणामांची यादी होते, तशी निदान कानावर पडण्याच्या परिणामांची व्हायला हवी, इतकं म्हणायला हा एक अभ्यास पुरेसा आहे.

वैद्यकाने लेबलं मागेही घेतली आहेत. थायरॉइडच्या एका सौम्य गाठीच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्द २०१६ मध्ये काढण्यात आला, कारण तो शब्द ऐकून रुग्ण आणि डॉक्टर दोघंही गरजेपेक्षा मोठ्या शस्त्रक्रियेकडे धावत होते. समलैंगिकता अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आजारांच्या यादीतून वगळली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. ती कुठल्या रक्ततपासणीवरून त्या यादीत आलीही नव्हती.

‘लेबलाने माणूस बदलतो हे खूळ’

अर्धा खरा दावा तो हा.

१९३८ मध्ये टॅनेनबॉम, १९५१ मध्ये लेमर्ट, १९६३ मध्ये हॉवर्ड बेकर अशी ही मांडणी वाढत गेली: गुन्हेगार ठरवलेला माणूस हळूहळू त्या भूमिकेत शिरतो. पुढे उत्साहाच्या भरात तिचे झेंडे नको तिथे रोवले गेले. रोझेनहान यांचा १९७३ चा लेख अजूनही उगाळला जातो. त्यात ८ धडधाकट माणसं खोटी लक्षणं सांगून १२ मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना ओळखू आली नाहीत, असं म्हटलं होतं. २०१९ मध्ये या प्रयोगाच्या नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा लेखाच्या विश्वासार्हतेवर गंभीर शंका उभ्या राहिल्या. शिक्षकांना ‘ही मुलं चमकणार’ असं सांगितलं की मुलांची बुद्धी खरंच वाढते, हा १९६८ चा निष्कर्षही मुख्यतः पहिली-दुसरीच्या मुलांपुरता होता. जसिम आणि हार्बर यांनी २००५ मध्ये तोवरचं संशोधन चाळलं, तेव्हा परिणाम आढळला पण सहसा लहान. लेबल माणसाला घडवतं असं सरसकट म्हणणाऱ्यांची बाजू त्यामुळे दुबळी होते, यात वाद नाही.

पण ‘लहान’ म्हणजे शून्य नाही, आणि काही ठिकाणी तो लहानही नाही. फ्लोरिडात प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, सोडलेल्या आरोपीची औपचारिक दोषसिद्धी रोखून धरण्याची मुभा न्यायाधीशाला आहे. अशा माणसाच्या कपाळी ‘गुन्हेगार’ हा कायदेशीर शिक्का बसत नाही. चिरिकोस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये शिक्का बसलेल्या आणि न बसलेल्या मिळून सुमारे ९६ हजार जणांची तुलना केली. शिक्का बसलेले दोन वर्षांच्या आत पुन्हा दोषी ठरण्याची शक्यता जास्त निघाली. शिक्का कुणाला मारायचा हे न्यायाधीश नाणं उडवून ठरवत नाहीत, त्यामुळे हा निखळ प्रयोग नव्हे. तरी याला खूळ म्हणून झटकता येणार नाही.

‘एकमेकांकडून शिकण्यासारखं काही नाही’

समस्थानिकाला भावना नसतात आणि माणसाला असतात, इतकं मान्य. पण देवाणघेवाण केव्हाच झालेली आहे. दोन लेबल लावणाऱ्यांचं मत योगायोगापेक्षा किती जास्त जुळतं हे सांगणारा ‘कॅपा’ नावाचा आकडा जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये दिला. आज भाषेचे नमुने खुणावणारे आणि क्ष-किरण प्रतिमा वाचणारे, दोघंही तोच वापरतात. आणि ज्यांना हमाल म्हटलं जातं त्यांच्या कामातल्या चुका गाळण्याची एक प्रमुख पद्धत डेव्हिड आणि स्कीन या संख्याशास्त्रज्ञांची आहे, १९७९ ची. त्यांच्यासमोर चित्रं नव्हती, इंटरनेटही नव्हतं. शस्त्रक्रियेआधी रुग्ण भूल द्यायला कितपत योग्य आहे यावर पाच भूलतज्ज्ञांनी दिलेली मतं होती, आणि ती जुळत नव्हती.