गोल्ड्रेक, राय आणि ‘चार दिवसांची इटली’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इटलीतल्या जपानी कार्टूनवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘गोल्ड्रेक १९७८ साली सरकारी रायने दाखवला. स्थानिक वाहिन्यांनी ही कार्टून रुजवली हे धादांत खोटं आहे. चार दिवस इटली फिरून आलेल्यांनी तिथला इतिहास सांगू नये.’ (गोल्ड्रेक हे यंत्रमानवाचं जपानी कार्टून, आणि राय म्हणजे इटलीची सरकारी दूरचित्रवाणी.) पुढे लेखाची लांबी, फोटो, गाण्यांचा अपुरा उल्लेख आणि माझं मराठी, सगळ्याचाच आपण समाचार घेतलात.

चूक दाखवायला कुणाचीच हरकत नसते. पण ‘धादांत खोटं’ म्हणजे मी जाणूनबुजून वाचकांना फसवलं असा आरोप झाला, आणि तो मी ऐकून घेणार नाही. माझ्याहून कितीतरी जास्त माहिती असलेले लोक इथे दुरुस्त्या सुचवतात. त्यांच्यापैकी कुणाला असा सूर लावावा लागलेला नाही.

गाण्यांचं मान्य. कार्टूनची शीर्षकगीतं गाणारी क्रिस्तीना दावेनासारखी गायिका दोन ओळींत उरकण्याजोगी नाही.

आता राय. ४ एप्रिल १९७८ ही गोल्ड्रेकची तारीख माझ्याच लेखात, दुसऱ्या परिच्छेदात आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘हायडी’ ही जपानी कार्टून मालिका रायवर लागली होती, तेही आहे. पहिला मान रायचाच. पण रायने गोल्ड्रेक दाखवला कसा? तुकड्यातुकड्यांनी. पहिले भाग १९७८च्या एप्रिल-मेमध्ये, मग थेट डिसेंबरात, आणि उरलेले त्याच्याही पुढच्या डिसेंबरापासून. मधले महिनेच्या महिने पोरं काय बघत होती, याचा विचार आपण केलात का?

जुलै १९७६मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने देशभर प्रक्षेपणाचा हक्क रायकडे ठेवून स्थानिक पातळीवर खासगी वाहिन्यांना मोकळीक दिली. बघता बघता अशा शेकडो वाहिन्या उभ्या राहिल्या. स्वतःचं काही बनवायला हातात पैसा नाही आणि दिवस तर भरून काढायचा. जपानी मालिकांचा खर्च जपानातच निघालेला असायचा, म्हणून त्या स्वस्तात मिळत. शिवाय एकेकीचे पन्नास-शंभर भाग! १९७९मध्ये ‘जीग’, १९८०मध्ये ‘कँडी कँडी’ आणि ‘गुंडम’, १९८२मध्ये ‘टायगर मास्क’, सगळ्या याच वाटेने घराघरांत शिरल्या. रोज एक भाग, आणि मालिका संपली की पुन्हा पहिल्यापासून.

तिकडे राय दबावाखाली होती. जानेवारी १९७९मध्ये सिल्व्हेरिओ कोर्विसिएरी या खासदाराने ‘ला रेपुब्लिका’ या वृत्तपत्रात गोल्ड्रेकविरुद्ध लेख लिहिला. १९८०मध्ये बोलोन्या शहराजवळच्या इमोला गावच्या ६०० पालकांनी या यंत्रमानवांविरुद्ध आवाज उठवला. त्याच वर्षी रायवर आलेल्या ‘माझिंगर झेड’चे ९२पैकी ५१ भागच दाखवले गेले. सरकारी वाहिनीला खासदारांना आणि पालकांना तोंड द्यावं लागतं. गल्लीतल्या वाहिनीला कोण विचारणार होतं? म्हणूनच ही कार्टून तिथे टिकली. माझा सगळा लेख हेच सांगतो, आणि आपण त्यातली एक तारीख उचलून मलाच सुनावताय.

राहता राहिले ‘चार दिवस’. मी बोलोन्यात नोकरी केली, संसार केला, माझी मुलगी तिथल्या शाळेत शिकली. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी इमोलाजवळच्या गावचा. त्याच्या लहानपणी ‘जीग’ एकाच वेळी दोन वाहिन्यांवर चालू असायची, एकीवर सुरुवातीचे भाग तर दुसरीवर शेवटचे. धाकट्या भावाला अँटेना फिरवायला छपरावर चढवून हा खिडकीतून ओरडायचा, ‘अजून डावीकडे, अजून!’ चित्राला मुंग्या आल्या की भावाला शिव्या. जेवणाच्या सुट्टीत हे सांगताना चाळिशी उलटलेला तो माणूस हातवारे करत खुर्चीतून उठायचा. रायवरच्या गोल्ड्रेकची त्याला आठवण होती, पण ‘जीग’चे संवाद त्याला तोंडपाठ होते. अशी माणसं मला तिथे अनेक भेटली. त्यांच्याशी बोलून मी लिहिलंय, पर्यटनाची पत्रकं वाचून नाही. तुम्ही तिथे राहिला असाल तर तुमच्या गावात कुठली वाहिनी दिसायची ते लिहा, मी आनंदाने लेखात घालीन. राहिला नसाल, तर दुसऱ्याचे दिवस मोजू नका.

लांबी, फोटो आणि मराठी यांवर मला काहीही बोलायचं नाही.

‘टायगर मास्क’वरचा लेख पुढच्या आठवड्यात येतोय. आक्षेप जरूर घ्या, पण आधी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत तरी वाचा.