बँका एकत्र केल्या म्हणून नफा आला? तारखा तरी बघा

'२७ च्या १२ सरकारी बँका केल्या, तोटा गेला, नफा आला. मोठी बँक म्हणजे खर्च कमी. आपसातली स्पर्धा थांबली, त्यात ग्राहकाचंही भलं. आता १२ च्या ४ करा!' सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहायला बसलो.

एकत्र केल्यामुळे नफा? स्टेट बँकेने १ एप्रिल २०१७ ला पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक पोटात घेतल्या. आधीच्या वर्षी १०,४८४ कोटींचा नफा होता, त्या वर्षी ६,५४७ कोटींचा तोटा. तो विलीनीकरणानेच झाला असं मी म्हणणार नाही. बुडीत कर्जं लपवणं थांबलं आणि तरतुदींनी, म्हणजे अशा कर्जांपोटी बाजूला काढाव्या लागलेल्या पैशांनी, नफा खाल्ला. पण मग पुढे तरतुदी आटल्यावर आलेल्या नफ्याचं श्रेय तरी विलीनीकरणाला कसं? मधल्या काळात सरकारने या बँकांत ओतलेलं तीन लाख कोटींचं भांडवल मेसेजवाले सोयीने विसरतात.

आपली महाबँक बघा. या काळात बँक ऑफ महाराष्ट्र ना कुणात गेली, ना तिच्यात कुणी आलं. २०१८-१९ मध्ये ४,७८४ कोटींचा तोटा, २०२४-२५ मध्ये ५,५२० कोटींचा नफा. विलीनीकरणाशिवाय.

खर्चाचं म्हणाल तर २०२४-२५ मध्ये व्याज चुकतं करून उरलेल्या १०० रुपयांतले महाबँकेचे पगार-भाडं वगैरेवर ४० च्या आत गेले, तिच्या कितीतरी पट मोठ्या स्टेट बँकेचे ५० च्या वर. स्वस्त ठेवी आणि नीट पारखून दिलेली कर्जं, कमाई तिथे आहे. लहान म्हणजे चांगली असंही नाही, घोटाळ्यात बुडालेल्या पीएमसी या सहकारी बँकेचे ठेवीदार सांगतील.

स्पर्धेचा मुद्दा मात्र खरा गुंतागुंतीचा. मोठ्या बँकांचा नफा बाजारावरच्या पकडीतून येतो की काटकसरीतून, हा अर्थशास्त्रातला जुना वाद. अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड डेमसेट्झ यांनी १९७३ मध्ये मांडलं की ज्या कंपन्या कार्यक्षम असतात त्याच वाढतात, म्हणून मोठ्या आणि नफ्यातल्या दिसतात. आपल्याकडे दोन्ही थोडं थोडं आहे. पण पकड असेल, तर तिच्यात ग्राहकाचं भलं कुठून आलं?

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते तो) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराला बांधलेली, बहुतेक रेपोलाच. ती लगेच महागली. स्टेट बँकेचा सामान्य ग्राहकाच्या बचत खात्याचा दर मात्र तेव्हा २.७० टक्क्यांवर तसाच राहिला. शेजारच्या काकूंनी मला पासबुक दाखवलं होतं: ५० हजारांवर तिमाहीचं व्याज ३३७ रुपये. त्यांच्या मुलाच्या गृहकर्जाची मुदत तेवढ्यात काही वर्षांनी लांबली होती. बँक दोघांची एकच.