घाटात न्यूट्रल टाकून नव्या इंजिनाला ‘आराम’ देऊ नका

दसऱ्याच्या मुहूर्तावर ताई-दाजींनी घरातली पहिली गाडी घेतली. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सगळे कराडहून चिपळूणला निघालो, दाजींच्या आत्याकडे. मी मागे, भाचीच्या शेजारी. तिचा बेल्ट लावला, माझा लावला. दाजी आरशातून बघत म्हणाले, “अहो, मागं कशाला बेल्ट? मागं लागत नाही.” पाटण सोडल्यावर माझा डोळा लागला. जाग आली ती वासानं. काहीतरी करपल्यासारखा कडवट वास. बाहेर पाहिलं तर कुंभार्ली घाट जवळजवळ उतरून झालेला, गाडी पळतेय आणि इंजिनाचा आवाज जेमतेम येतोय. पुढे वाकून बघितलं. गियर न्यूट्रलला होता.

पोफळीच्या अलीकडे जागा मिळाली तिथं गाडी बाजूला घ्यायला लावली. पुढच्या डाव्या चाकातून बारीक धूर येत होता. हात जवळ नेला तर तव्यावर धरल्यासारखी धग. ब्रेकचं पेडल मी स्वतः दाबून पाहिलं. सकाळी जिथं लागत होतं त्याच्या बरंच खाली जात होतं. दाजी पाण्याची बाटली घेऊन चाकावर ओतायला निघाले, त्यांना अडवलं. तापलेल्या डिस्कवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, गार पाणी पडलं की ती वाकडी होते, तडकूही शकते. अर्धा तास तिथंच थांबलो. मग विचारलं, न्यूट्रलचं हे कुणी सांगितलं? दाजींनी मोबाइल पुढे केला.

‘नवीन गाडी घेणाऱ्यांनी अवश्य वाचा. नामवंत कंपनीतून निवृत्त झालेल्या इंजिनियरचा सल्ला.’ कंपनीचं नाव नाही, इंजिनियरचं नाव नाही. खाली सात मुद्दे: पहिले 1000 किलोमीटर 40 च्या वर जायचं नाही. रोज सकाळी 15 मिनिटं इंजिन जागेवर चालू ठेवायचं. उतार आला की न्यूट्रल टाकायचा, मोठा उतार असेल तर इंजिनच बंद करायचं, म्हणजे नव्या इंजिनाला आराम आणि पेट्रोलची बचत. एअरबॅगची गाडी असेल तर मागच्यांना बेल्टची गरज नाही. पुढे लोखंडी गार्ड लावून घ्यायचा. 1000 किलोमीटरला ऑइल बदलायचंच, शोरूमवाले सांगणार नाहीत. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवायची. आणि शेवटी, दहा जणांना पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल.

मी अठरा वर्षं मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. हाच मेसेज गेल्या काही महिन्यांत शिकायला येणाऱ्या तिघांनी मला दाखवला होता. तेव्हा मी ‘सोडून द्या हो’ म्हणून विषय संपवला. तो मेसेज आता माझ्या भाचीला घेऊन घाट उतरला, म्हणून सविस्तर लिहितोय.

तिसऱ्या, म्हणजे न्यूट्रलच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या काहींनी फक्त पैसे जातील, यानं माणसं जातात.

गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन चाकांना मागे खेचतं. याला आपण इंजिन ब्रेक म्हणतो. घाटात गाडी आवरायचं निम्म्याहून जास्त काम हाच करतो, ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. न्यूट्रल टाकला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. हजार-बाराशे किलोची गाडी आणि आत पाच माणसं, हा सगळा भार चार ब्रेकवर येतो. ब्रेक वेग मारतो म्हणजे वेगाची उष्णता करतो. ती उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. घाटभर पाय ब्रेकवर ठेवला तर डिस्कला दाबून धरणारे पॅड तापून त्यांची पकड जाते, आणि आणखी तापलं तर ब्रेक ऑइलला उकळी फुटून त्यात वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दाजींचं पेडल त्याच वाटेवर होतं.

आणि हे नव्या गाडीच्या बाबतीत सांगायचं? नव्या गाडीचे पॅड आणि डिस्क अजून एकमेकांवर नीट बसलेले नसतात. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या 300 किलोमीटरमध्ये अचानक ब्रेक मारणं टाळा असं लिहिलंय, ते त्यासाठीच. ज्या ब्रेकला अजून पूर्ण पकड आलेली नाही त्यांच्यावरच अख्खा घाट सोपवा, असं हा ‘निवृत्त इंजिनियर’ सांगतोय.

इंजिन बंद करण्याबद्दल तर काय बोलावं. ब्रेकचं पेडल आपल्या पायाला हलकं लागतं ते बूस्टरमुळे, आणि बूस्टर चालतो इंजिनावर. इंजिन बंद केल्यावर दोन-तीनदा दाबेपर्यंत मदत शिल्लक असते, त्यानंतर पेडल दगडासारखं घट्ट होतं. पॉवर स्टेअरिंगही जातं. किल्लीची गाडी असेल आणि किल्ली चुकून मागे फिरवून काढली तर स्टेअरिंग लॉक होतं. घाटाच्या वळणावर.

पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक कराडकराला कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार माहीत आहे. 20 नोव्हेंबर 2022, रविवारची रात्र. त्या उतारावर एक ट्रक सुटला आणि पुढच्या जवळपास 48 गाड्यांचं नुकसान झालं. आधी सगळीकडे ‘ब्रेक फेल’ असंच सांगितलं गेलं. तपासणीत ब्रेकमध्ये बिघाड आढळला नाही. डिझेल वाचवायला चालकानं उतारावर इंजिन बंद करून ट्रक सोडला होता, असं पोलिसांनी सांगितलं. दाजींना मी एवढंच विचारलं, त्या ट्रकवाल्याला आपण सगळ्यांनी शिव्या दिल्या होत्या ना? मग आज घाटात आपण वेगळं काय केलं?

पेट्रोल तरी वाचतं का? पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत थोडंफार वाचत असेल, मान्य. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गियरमध्ये पाय सोडला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात, कॉम्प्युटर ते ओळखतो आणि पेट्रोल पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये चाकांची मदत नसते, त्यामुळे इंजिन विझू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. दाजींच्या मीटरवर त्या क्षणाचं मायलेज एका पट्टीवर दिसतं. पोफळीच्या पुढं उरलेल्या साध्या उतारावर, मागे-पुढे कुणी नसताना, मी गाडी तिसऱ्या गियरला ठेवून पाय काढला. पट्टी टोकाला जाऊन चिकटली, म्हणजे पेट्रोल शून्य. क्लच दाबला, इंजिन चाकांपासून सुटलं, पट्टी लगेच मागे आली. क्लच सोडला, पुन्हा टोकाला. दाजींनी तीनदा करून दाखवायला लावलं. ‘आरामा’चं म्हणाल तर गियरमध्ये उतरताना इंजिनावर कसलाही ताण नसतो, आवाज थोडा वाढतो, त्याला घाबरायचं नाही.

घाटाचा नियम जुनाच आहे. ज्या गियरनं चढ चढला असता, त्याच गियरनं उतार उतरायचा. घाटमाथ्यावरच गियर कमी करून घ्यायचा, वेग वाढल्यावर नाही. ऑटोमॅटिक असेल तर लो किंवा मॅन्युअल मोड असतो, तो घाटासाठीच दिलाय. आणि अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा शिष्टाचारही आहे आणि कायद्यातला नियमही.

आता बेल्ट. एअरबॅगच्या झाकणावर एसआरएस लिहिलेलं असतं. त्याचा अर्थच पूरक व्यवस्था. मुख्य व्यवस्था बेल्ट आहे, एअरबॅग त्याला जोड. मागच्या सीटवरच्या माणसासमोर तर एअरबॅग नसतेच, मग ती असल्यानं मागच्यांचा बेल्ट कसा सुटतो? 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, एअरबॅग भरपूर. मागच्या सीटवरचे दोघंही गेले, दोघांनी बेल्ट लावला नव्हता असं समोर आलं. पुढचे दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बेल्ट लावणं केंद्रीय मोटर वाहन नियम 138 प्रमाणे सक्तीचं आहे, न लावल्यास 1000 रुपये दंड आहे. दंड सोडा हो, मागचा माणूस बेल्टशिवाय असला तर टक्कर होताना तो पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही चिरडतो.

याच ओघात ताईशी वाद झाला तोही सांगतो. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला पितळी गणपती दोन बाजूंच्या टेपनं चिकटवला होता, बरोबर एअरबॅगच्या झाकणावर. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुटते. मग ती मूर्ती कुठं जाईल? समोर बसलेल्या ताईच्या तोंडावर. ताई नाराज झाली, म्हणाली देव काढायला सांगतोस. मी म्हणालो, देव काढू नको, देवघरात ठेव, गाडीत चित्र लाव. दोन दिवस बोलली नाही, पण मूर्ती आता घरात आहे.

गार्डचा मुद्दा दोन वाक्यांत. पुढचा बंपर धक्का शोषून चुरगळावा असाच बनवलेला असतो, लोखंडी गार्ड तो धक्का सरळ सांगाड्यात नेतो, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो आणि समोरच्या पायी माणसाचा जीव घेतो. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून हे गार्ड बेकायदा असल्याचं कळवलंय, तरी दुकानांत मिळतात आणि लोक बसवतात.

15 मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवण्यानं इंजिनाचं भलं होत नाही. ऑइल काही सेकंदांत सगळीकडे पोचतं. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. अर्धा मिनिट थांबा, निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा. आणि हे बंद शटरच्या गॅरेजमध्ये तर कधीच करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो.

राहिला रनिंग-इनचा, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवायचा मूळ मुद्दा, आणि इथं थोडं मान्य करावं लागेल. पद्मिनी-ॲम्बॅसेडरच्या काळात मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ लिहून लोक खरंच हळू चालवायचे, आणि ऑइल लवकर बदलायचे. तेव्हाची घडाई तशी होती. सुरुवातीचे 1000 किलोमीटर जपायचे हे आजही खरं आहे. पण जपायचे म्हणजे 40 ला बांधून ठेवायचं नाही. सिलिंडरच्या आतल्या बारीक चरांवर पिस्टनच्या रिंगा घासून बसतात आणि त्या बसायला इंजिनावर थोडा भार यावा लागतो. भारच दिला नाही तर भिंत गुळगुळीत होते, रिंग बसत नाही आणि पुढे गाडी ऑइल पिते.

दाजींच्या ग्लोव्हबॉक्समध्ये मॅन्युअल होतं, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न निघालेलं. बहुतेकांचं तसंच असतं. ह्युंदाईचं मॅन्युअल सांगतं की वेगळा रनिंग-इन काळ लागत नाही, पण पहिले 1000 किलोमीटर इंजिन रेस करू नका, इंजिनाचे फेरे मिनिटाला 2000 ते 4000 च्या दरम्यान ठेवा, फार वेळ एकाच वेगानं चालवू नका, मग तो जास्त असो की कमी, आणि गरज नसताना जोरात ब्रेक मारू नका. टोयोटाही 1000 किलोमीटरपर्यंत अतिवेग, अचानक रेस आणि एकसारखा वेग टाळायला सांगते. ‘मग तो जास्त असो की कमी’ हे शब्द पुन्हा वाचा. 40 चा नियम त्यात बसत नाही. शिवाय कराड-सातारा हायवेवर 40 नं चालणारी गाडी मागून येणाऱ्या ट्रकच्या तोंडी असते. ऑइलचंही तेच, मॅन्युअलमध्ये जे अंतर लिहिलंय तेवढ्यावर बदला; लवकर बदललंत तर नुकसान पैशाचं.

टायरची हवा कमी ठेवू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा टायर गार असताना भरायचा. मेसेजमध्ये एक गोष्ट असायला हवी होती ती नाही: नव्या टायरवर साच्यातून काढताना वापरलेल्या पदार्थाचा पातळ थर राहतो, तो घासून जाईपर्यंत पकड कमी असते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पावसात आणि वळणावर जपून.

परवा दाजी पुन्हा त्याच घाटानं चिपळूणला गेले. पोहोचल्यावर फोन आला, “दुसऱ्या-तिसऱ्या गियरनं उतरलो, वास नाही काही नाही, पेडल सकाळसारखंच आहे.” मी विचारलं, मागं बेल्ट? त्यांनी फोन ताईकडं दिला. ताई म्हणाली, “लावलाय. परत येताना आत्या बरोबर आहेत, त्यांनाही लावायला सांगणारेय.”