‘डम्बार्टन ओक्स’ कॉन्चेर्टो संयुक्त राष्ट्रांसाठी रचलेला नाही

संगीतकार स्त्राविन्स्कीने ‘डम्बार्टन ओक्स’ हा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासाठीची रचना) डम्बार्टन ओक्स या वास्तूत संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेची तयारी करायला भरलेल्या १९४४च्या परिषदेसाठी रचला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्यावर तो तिथेच वाजवला गेला, असा मजकूर सध्या फिरतो आहे. वाचायला छान, पण तारखाच जुळत नाहीत.

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातली ही वास्तू रॉबर्ट आणि मिल्ड्रेड ब्लिस यांनी १९२०मध्ये घेतली. उतारावरची पायऱ्यापायऱ्यांची बाग बीट्रिक्स फॅरंड यांनी आखली. कॉन्चेर्टो मागवला तो या जोडप्याच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसासाठी. ८ मे १९३८ रोजी घरातल्याच संगीतदालनात पंधरा वादकांनी तो वाजवला. स्त्राविन्स्की क्षयाने आजारी, म्हणून संचालन नादिया बुलांजे यांनी केलं. रचनेवर अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या ब्रांडनबुर्ग कॉन्चेर्टोंची छाप आहे; मुत्सद्देगिरीचा त्यात मागमूस नाही!

परिषद भरली सहा वर्षांनंतर, ऑगस्ट ते ऑक्टोबर १९४४मध्ये. तोवर ब्लिस दांपत्याने ही जागा हार्वर्ड विद्यापीठाला देऊन (१९४०) चार वर्षं झाली होती. बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) संस्कृतीचं संशोधन तिथे आजही चालतं. परिषदेत अमेरिका आणि ब्रिटन आधी सोव्हिएत संघाशी बोलले, मग वेगळे चीनशी, कारण सोव्हिएत संघ तेव्हा जपानविरुद्धच्या युद्धात नव्हता. तयार झाला तो फक्त प्रस्तावांचा मसुदा, आणि सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकाराचा (व्हेटोचा) घोळ तसाच राहिला. सनदेवर सह्या झाल्या २६ जून १९४५ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत. भारताचीही सही तिथलीच.